बजेट ओढाताणीचं असताना ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं घ्यावं की १६ जीबीचं?

प्रश्न: दादा, मी कोपरखैरण्याला राहतो, ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्याकडे रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबीची एकच रॅम स्टिक, ४५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि १०८०पी मॉनिटर आहे. दिवसा ब्लेंडर (थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर), रात्री गेम. घरून जेवढे पैसे मिळणार आहेत त्यात आरटीएक्स ५०६० टीआयचं ८ जीबीवालं कार्ड कसंबसं बसतं, १६ जीबीवालं बसत नाही. दुकानदार म्हणतात, १०८०पीला ८ जीबी पुष्कळ झालं. घेऊन टाकू का?

उत्तर:

घेऊ नकोस. हेच कार्ड दुसऱ्या एखाद्या मशीनमध्ये मी बिनदिक्कत बसवून देईन, पण तुझ्या बोर्डावर आणि तुझ्या कामाला ते योग्य नाही. ठाण्यात असेंब्ली आणि दुरुस्तीचं काम करताना हा प्रश्न माझ्यापुढे सतत येतो आणि बहुतेकदा तो अर्धाच विचारलेला असतो. नुसतं ‘८ की १६’ एवढ्यावर कुणालाच खरं उत्तर देता येणार नाही. चिप कोणती, बस (मेमरीपासून चिपपर्यंतची डेटाची वाट) किती रुंद, बोर्ड कुठला आणि काम कसलं, हे कळायला लागतं. तू जवळपास सगळं लिहिलं आहेस, म्हणून नीट सांगता येईल.

कार्डावरची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, कार्डाला वेग देत नाही. हे आधी मनात पक्कं कर, कारण दुकानात नेमकी इथेच गफलत होते. स्वयंपाकघरातला ओटा लांब केला म्हणून पोळ्या भरभर लाटल्या जात नाहीत. पण ओटा पुरेनासा झाला की दर दोन मिनिटांनी डबा आणायला आतल्या खोलीत जावं लागतं आणि लाटणारे हात रिकामे थांबतात. सगळं मावतंय तोवर एकाच चिपचं ८ जीबीचं आणि १६ जीबीचं कार्ड जवळपास सारखंच पळतं. मावेनासं झालं की मात्र फरक हळूहळू पडत नाही, एकदम कडा कोसळावा तसा पडतो.

आता आकडे बघ. ५०६० टीआयवर जीडीडीआर७ मेमरी आहे आणि चिपला तिच्यातून सेकंदाला ४४८ जीबी डेटा मिळतो. व्हीरॅम भरली की उरलेला डेटा तुझ्या मशीनच्या साध्या रॅममध्ये जातो आणि तिथून पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमधून ये-जा करतो. हा स्लॉट किती रुंद आणि कुठल्या पिढीचा, यावर सगळं ठरतं. ५०६० टीआय दिसायला पूर्ण लांबीच्या स्लॉटमध्ये बसतं, पण त्यातल्या १६ पैकी फक्त ८ लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं. पाचव्या पिढीच्या स्लॉटवर ८ लेनमधून एका दिशेने सेकंदाला साधारण ३२ जीबी जातात, चौथ्या पिढीवर १६. तुझा बी४५० बोर्ड तिसऱ्या पिढीचा, तिथे जेमतेम ८. म्हणजे ४४८वरून थेट ८वर. आणि बोर्ड बदलूनही सुटका नाही, कारण ५६००जी हा प्रोसेसर स्वतःच पीसीआय एक्सप्रेसची तिसरी पिढीच देतो. बी५५० बोर्ड आणलास तरी ग्राफिक्स कार्डाला तिसरीच पिढी मिळेल. रिव्ह्यूवाले बहुतेक वेळा नव्या बोर्डावर, नव्या प्रोसेसरवर चाचणी घेतात. त्यांच्याकडे ८ जीबीचं कार्ड व्हीरॅम भरल्यावर अडखळतं. तुझ्याकडे तेच कार्ड गुडघ्यावर येईल.

यात आणखी एक पदर आहे. ती सांडलेली मेमरी जाते तुझ्या १६ जीबी रॅममध्ये, जी विंडोज, ब्राउझर आणि ब्लेंडर आधीच खात बसलेत. वर स्टिक एकच, म्हणजे सिंगल चॅनल, रॅमची वाटही निम्मी. अडचणीवर अडचण.

८च्या पुढे थेट १६ का, मधलं १२ का नाही, हे तुझ्यासारखे बरेच जण विचारतात. जीडीडीआर मेमरीची प्रत्येक चिप ३२ बिटच्या वाटेने जोडलेली असते. ५०६० टीआयची बस १२८ बिटची, म्हणजे चार चिप. २ जीबीच्या चार चिप लावल्या की ८ जीबी. १६ करायचे तर पीसीबीच्या, म्हणजे कार्डाच्या सर्किट बोर्डाच्या, मागच्या बाजूला आणखी चार चिप लावतात आणि समोरची व मागची चिप तीच वाट वाटून घेतात. म्हणून १६ जीबीवाल्या कार्डाचा मेमरी वेग ८वाल्याइतकाच राहतो, जागा तेवढी दुप्पट होते. अशाच २ जीबीच्या चिपनी १२ जीबी हवे तर सहा चिप लागतात, म्हणजे १९२ बिटची बस, म्हणजे मुळातच वेगळी ग्राफिक्स चिप. तुला पुढे एक कार्ड सुचवणार आहे ते याच जातीचं आहे, म्हणून हे लक्षात ठेव.

आता नावांचा सापळा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या डोळ्यांसमोर सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. खोक्यावर नाव एकच आणि खाली बारीक अक्षरात मेमरीचा आकडा वेगळा, असं दिसलं की आपण धरून चालतो की बाकी सगळं सारखंच असणार. तसं नसतं. २०१६च्या जीटीएक्स १०६०चं ३ जीबीवालं कार्ड ६ जीबीवाल्याचं धाकटं भावंड नव्हतं. त्याच्या चिपमधले कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भागच, कमी होते, १२८०च्या जागी ११५२. आरटीएक्स ३०५०चं ८ जीबीवालं कार्ड २५६० कोअरचं आणि १२८ बिट बसचं. २०२४मध्ये आलेलं ६ जीबीवालं २३०४ कोअरचं आणि ९६ बिटचं, मेमरीचा वेग २२४ जीबीवरून १६८ जीबीवर. ते ७० वॉटमध्ये, वेगळी पॉवर केबल न लावता चालतं आणि जुन्या ऑफिसच्या मशीनला ते खरोखर सोयीचं आहे. पण ते ३०५० समजून घेणाऱ्याला वेगळीच वस्तू मिळते.

आरटीएक्स ३०६०मध्ये याच्या उलटं घडलं. १२ जीबीच्या कार्डाला १९२ बिटची बस आणि सेकंदाला ३६० जीबी. नंतर आलेल्या ८ जीबीच्या कार्डात कोअर तेवढेच, ३५८४, पण बस १२८ बिटची आणि वेग २४० जीबी. म्हणजे इथे मेमरी तर कमी झालीच, तिचा वेगही तिसऱ्या हिश्श्याने घटला, आणि गेममध्ये मेमरी भरण्याआधीच फरक दिसायला लागला. स्वस्तातल्या जीटी १०३०ची गोष्ट तर फारच दुखावणारी. पहिलं कार्ड जीडीडीआर५चं, सेकंदाला ४८ जीबी. २०१८मध्ये त्याच नावाने डीडीआर४चं आलं, साधारण १७ जीबी. दोन्ही खोक्यांवर ‘२ जीबी’ असंच लिहिलेलं. ज्याच्याकडे आधीच पैसे नाहीत त्यानेच ते कार्ड घेतलं आणि त्यालाच निम्म्याहून कमी वेग मिळाला. कमी बजेटच्या गिऱ्हाइकाला अंधारात ठेवण्याची ही रीत मला मनापासून खटकते, आणि म्हणूनच मी दुकानात खोकं उघडण्याआधी मेमरीचा प्रकार आणि बस दाखवून देतो.

बाजाराने आवाज उठवला की फरक पडतो, हेही सांगायला हवं. २०२२च्या सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८०ची १६ आणि १२ जीबी अशी दोन कार्डं जाहीर केली. दोन्हींची चिपच वेगवेगळी होती. एवढी टीका झाली की ऑक्टोबरमध्ये कंपनीने १२ जीबीवालं मागे घेतलं, आणि जानेवारी २०२३मध्ये तेच ४०७० टीआय या नावाने आणलं.

तुझ्या ५०६० टीआयमध्ये हा सापळा नाही. ८ आणि १६, दोन्हींत ४६०८ कोअर, दोन्हींची बस सारखी, दोन्ही एप्रिल २०२५ची. लाँचच्या वेळी अमेरिकेत फरक ५० डॉलरचा होता, ३७९ आणि ४२९. एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटीचं तसंच, जून २०२५, २९९ आणि ३४९ डॉलर. आपल्याकडे तो फरक तेवढाच राहील असं धरू नकोस. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून नेल्यामुळे २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत आणि त्याचा चटका जास्त मेमरीच्या कार्डाला जास्त बसतो. म्हणून मी रुपयांचा आकडा इथे देत नाही. ज्या दिवशी घेशील त्या दिवशीचाच भाव खरा.

मग ‘१०८०पीला ८ पुरे’ हे खरं की खोटं? व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ अशा खेळांना पुरतं, बिनधास्त पुरतं. पण त्यामागचा तर्क चुकीचा आहे. मॉनिटरच्या रिझोल्यूशनने व्हीरॅम भरत नाही. १०८०पीची एक फ्रेम साध्या हिशोबाने ८ एमबीच्या आसपास, ४केची ३३ एमबी. असे बरेच बफर लागतात हे खरं, तरी जागा मुख्यतः खातात टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं), जॉमेट्री (वस्तूंचे आकार) आणि रे ट्रेसिंगसाठी, म्हणजे प्रकाशाच्या हिशोबासाठी, बांधलेली रचना. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स २०२०च्या नोव्हेंबरमध्ये १६ जीबी सामायिक मेमरी घेऊन आले. काही वर्षं गेम जुन्या कन्सोललाही सांभाळून बनत होते. २०२३पासून ते ओझं उतरलं आणि मोठे गेम थेट नव्या मापाने बनायला लागले. मॉनिटर तुझा तोच राहिला, टेक्श्चर मोठी झाली. त्यात फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डानेच बनवणं), जे या कार्डाच्या जाहिरातीत पुढे असतं, तेही स्वतःसाठी व्हीरॅम मागतं.

आणि सरासरी एफपीएसच्या (सेकंदाला किती फ्रेम) तक्त्यात हे दिसेलच असं नाही. मेमरी भरल्यावर काही गेम अडखळतात, काही मधेच झटके देतात, आणि काही निमूटपणे टेक्श्चरचा दर्जा उतरवतात. भिंतीवरची विटांची रेघ जवळ गेल्यावरही पुसटच राहते, पण एफपीएस छान दिसतो. दुसऱ्याच्या व्हिडिओतला आकडा बघून निर्णय घेणाऱ्याला हे कधी कळतच नाही.

इथे तुझ्या प्रोसेसरचा मुद्दा येतो. ५६००जीमध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आहे, साध्या ५६००च्या निम्मी. गेममध्ये खूप उंच एफपीएस तुला तसेही मिळणार नाहीत, कार्ड कितीही ताकदीचं घे. मात्र टेक्श्चरचा दर्जा वाढवला तर प्रोसेसरवर भार जवळजवळ येत नाही. फक्त व्हीरॅम लागते. म्हणजे तुझ्या मशीनमध्ये जास्त वेगवान चिपचे पैसे अर्धे पडून राहतील, जास्त मेमरीचे पैसे मात्र पडद्यावर दिसतील.

आता ब्लेंडर, जे तुझं पोटापाण्याचं काम होणार आहे. गेम बनवणारे टेक्श्चर कॉम्प्रेस करून कार्डावर ठेवतात. ४०९६ बाय ४०९६चं एक टेक्श्चर तिथे १६ एमबीत बसतं. सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये, रंगाचं तेच टेक्श्चर कॉम्प्रेस न होता चार चॅनलने ६४ एमबी घेतं, पृष्ठभागाचे उंचसखलपण दाखवणारा नॉर्मल मॅप तेवढाच, खरखरीतपणाचा, म्हणजे रफनेसचा, एका चॅनलचा १६. एका वस्तूला १४४ एमबी झाले. एका खोलीच्या सीनमध्ये अशा वीस वस्तू ठेवल्यास की २.८ जीबी नुसती टेक्श्चर. ८केचा एक एचडीआरआय (सीनला उजेड देणारं चित्र) पूर्ण फ्लोट मापाने ५१२ एमबी. मग जॉमेट्री, केस, सबडिव्हिजन, बीव्हीएच (रे ट्रेसिंगसाठीची ती रचना), आणि व्ह्यूपोर्ट (सीनवर काम करायची खिडकी) रेंडर मोडमध्ये उघडा ठेवला असेल तर त्याचं वेगळं. विंडोज आणि ब्राउझर मिळून अर्धा-एक जीबी आधीच घेऊन बसलेले असतात. कॉलेजच्या साध्या असाइनमेंटला ८ पुरतील. शेवटच्या वर्षाच्या शॉर्ट फिल्मला, जिथे तू खरी मेहनत ओतणार आहेस, तिथे सीन जसा भरत जाईल तसे ८ अपुरे पडत जातील.

गेममध्ये मेमरी संपली की चित्र अडखळतं. ब्लेंडरमध्ये एकतर रेंडर रांगायला लागतो, नाहीतर थेट ‘आउट ऑफ मेमरी’ येऊन थांबतो. रात्री फ्रेम लावून झोपलास आणि सकाळी चाळिसाव्या फ्रेमवर थांबलेलं दिसलं, तर सबमिशनच्या आठवड्यात त्याची किंमत कार्डाच्या फरकापेक्षा मोठी असते. म्हणूनच अशा कामात मी वेगापेक्षा जागेला आधी मान देतो. हळू कार्ड उशिरा का होईना, रेंडर पुरा करतं. न मावणारा सीन वेगवान कार्डालाही पुरा करता येईल याची खात्री नसते. पुढे घरच्या मशीनवर एआयची मॉडेलं चालवायचा विचार आला तर तिथेही हाच नियम, उलट अधिक कडक: ७–८ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटच्या मापात ८ जीबीत बसतं, १४ अब्जाचं साधारण ९ जीबी मागतं आणि बसत नाही.

मग घ्यायचं काय? पर्याय तीनच आहेत, आणि मी त्यांना सारखं महत्त्व देणार नाही.

तुझ्यासाठी माझा पहिला कौल आरटीएक्स ३०६० १२ जीबी. कार्ड २०२१चं आहे, जुनं आहे, आणि ५०६० टीआयची चिप त्याच्यापेक्षा खूप वेगवान आहे हे मी लपवत नाही. पण ते १६ लेनचं आहे, म्हणजे तुझ्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर ५०६० टीआयच्या दुप्पट रुंद वाट वापरतं. १२ जीबी आहेत, बस १९२ बिटची आहे, आणि ब्लेंडरमध्ये ऑप्टिक्स (कार्डावर रेंडर करायची एनव्हिडियाची सोय) चालतं, जे सायकल्ससाठी अजूनही सगळ्यात भरवशाचं आहे. आत्ता तू सीपीयूवर रेंडर करत असणार, कारण ५६००जीमधलं व्हेगा ग्राफिक्स सायकल्सला चालत नाही. तिथून ३०६०वर आलास तरी दिवसांचं काम तासांत येईल. दुकानात शिल्लक असेल तर नवं, नाहीतर वॉरंटी बाकी असलेलं जुनं. घेताना ‘१२ जीबी, १९२ बिट’ हे दोन्ही आकडे तोंडाने म्हणून घे. नुसतं ३०६० मागितलंस तर ८ जीबीवालं हातात येऊ शकतं.

दुसरं, आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी. तुझा बहुतेक वेळ गेममध्ये जात असता तर मी डोळे मिटून हे सांगितलं असतं. लेन पूर्ण १६, मेमरी १६, आणि एएमडी स्वतः याला ४५० वॉटचा एसएमपीएस पुरेसा मानते. ब्लेंडरमध्ये हे एचआयपीवर, म्हणजे एएमडीच्या तशाच सोयीवर, चालतं, चालतं म्हणजे नीट चालतं, पण सायकल्समध्ये एनव्हिडियाच्या मागे राहतं, आणि पुढे स्टुडिओत वापरली जाणारी काही रेंडरर आणि प्लगइन फक्त एनव्हिडियाला धरून असतात. घरी ज्यावर हात बसला आहे तेच नोकरीत समोर आलं तर सोपं जातं.

तिसरं, थांबून पैसे साठवून ५०६० टीआय १६ जीबी. कामाच्या दृष्टीने तिघांत हेच सर्वोत्तम. पण प्रोजेक्ट या वर्षी आहे, कार्ड पुढच्या वर्षी घेऊन उपयोग नाही. आणि मेमरीचे भाव पाहता थांबल्याने ते स्वस्तच होईल असं मी सांगणार नाही.

इंटेलच्या आर्क बी५८०चं नाव तुला कुणीतरी सुचवेलच. १२ जीबी, १९२ बिट, किंमत चांगली. तरी तुझ्या मशीनला नको. तेही ८ लेनचं आहे, बायोसमध्ये रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसण्याची सोय) चालू असणं त्याला फार गरजेचं आहे, आणि मध्यम प्रोसेसरबरोबर त्याच्या ड्रायव्हरचा भार जास्त पडतो हे २०२५च्या सुरुवातीलाच चाचण्यांत दिसलं आहे. ५६००जी तर मध्यमाच्याही थोडा खाली येतो.

एसएमपीएसबद्दल कडकपणे सांगतो. तुझा ४५० वॉटचा कुठला आहे ते लिहिलेलं नाहीस. कॅबिनेटसोबत आलेला असेल तर त्यावरचा आकडा विसरून जा आणि नवं कार्ड त्यावर एक दिवसही लावू नकोस. ३०६०ला १७० वॉट लागतात आणि एनव्हिडिया ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. ५०६० टीआयला १८० वॉट आणि ६०० सुचवते. म्हणजे जे कार्ड तू ‘कसंबसं बसतं’ म्हणालास, ते एसएमपीएस धरल्यावर बसतच नाही. ५५० किंवा ६५० वॉटचा, ८०-प्लस ब्राँझ, पाच वर्षं वॉरंटीचा घे. ८ पिनची पीसीआयई केबल एसएमपीएसमधूनच आलेली हवी. मोलेक्सच्या (जुन्या चार पिनच्या) प्लगवरून कन्व्हर्टर लावून कार्ड चालवायचं नाही, तो कनेक्टर वितळलेला मी पाहिला आहे. आपल्याकडे खाडीकाठच्या बऱ्याच जुन्या इमारतींत अर्थिंग नीट नसतं. इलेक्ट्रिशियनला एकदा बोलावून तपासून घे, खर्च फार नाही.

रॅमची दुसरी स्टिक कार्डानंतर लगेच घे, शक्यतो आहे त्याच वेगाची, म्हणजे ड्युअल चॅनलही होईल आणि ३२ जीबीही. भाव चढलेले आहेत, तेव्हा जुनी डीडीआर४ स्टिक चालेल, मेमटेस्ट लावून तपासून घे.

जुनं कार्ड घेणार असशील तर विकणाऱ्याच्या घरी किंवा दुकानात मशीनवर लावून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघड: बस रुंदी १९२ बिट, मेमरी १२२८८ एमबी, कोअर ३५८४. जुन्या चिपवर बायोस बदलून नव्या नावाने विकलेली कार्डं बाजारात फिरत असतात आणि हे सॉफ्टवेअर त्यातली पुष्कळशी ‘फेक’ असा शिक्का मारून दाखवतं. मग ओसीसीटी या सॉफ्टवेअरची व्हीरॅम चाचणी वीस-पंचवीस मिनिटं चालव. एकही एरर आला तर उठून ये, भाव कितीही पाडला तरी. कार्ड मायनिंगमध्ये वापरलेलं असणं एवढ्यावर मी ते नाकारत नाही. फॅन आणि थर्मल पॅड बदलले की त्यातली बरीच नीट चालतात. मला जास्त भीती दमट हवेची. ऐरोली, वाशी, कळव्याकडे खाडीलगतच्या घरात उघड्या कॅबिनेटमध्ये राहिलेलं कार्ड असेल तर ब्रॅकेटचे स्क्रू गंजलेले दिसतात, पीसीबीच्या पायांवर हिरवट-पांढरा थर दिसतो. तिथे चाचणी पास झाली तरी मी हात लावत नाही. खोक्यावरचा आणि कार्डावरचा सीरियल नंबर जुळायला हवा, आणि मूळ बिल हवं, कारण वॉरंटी मागताना आधी तेच विचारलं जातं.

नवं घ्यायचं तर आधी ठाण्यात आणि वाशीत भाव विचार आणि मगच मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा. वाशीहून हार्बरने कुर्ला, तिथून दादर, दादरहून स्लो लोकलने ग्रँट रोड. तिथे सांगितलेला भाव जीएसटीसकट आहे का, हे पहिल्या वाक्यात विचार. १८ टक्के नंतर वर चढले की जाण्यायेण्याचा सगळा फायदा संपतो. बिलाशिवाय दोन पैसे कमी करून देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नकोस, वॉरंटीच्या वेळी तो तुझ्या बाजूने उभा राहू शकत नाही. आणि बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव मेमरीसकट लिहून घे.

कार्ड येईपर्यंत आणि आल्यावरही, मेमरी जपून वापरायची सवय लाव. ब्लेंडरमध्ये दूरच्या वस्तूंना ४के टेक्श्चर लावण्यात अर्थ नाही, १के पुरतं. रेंडर सेटिंगमधल्या सिम्प्लिफायमध्ये टेक्श्चरची कमाल मर्यादा एका जागी घालता येते. झाडं, खुर्च्या, विटा कॉपी करताना इन्स्टन्स कर, म्हणजे जॉमेट्री एकदाच साठते. फायनल रेंडरच्या वेळी व्ह्यूपोर्ट सॉलिड मोडवर ठेव, किंवा कमांड लाइनवरून रेंडर लाव, म्हणजे व्ह्यूपोर्टच नको. ब्राउझर बंद. पुढे दुसरा मॉनिटर घेतलास तर तो बोर्डाच्या एचडीएमआयला जोडता येईल. ५६००जीमधलं ग्राफिक्स तो सांभाळेल आणि कार्डावरची तेवढी जागा वाचेल. गेममध्ये टेक्श्चर ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’वर आणलं तर १०८०पीवर डोळ्याला क्वचितच कळतं आणि मेमरी मात्र चांगलीच सुटते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात जीपीयू उघडलंस की ‘डेडिकेटेड’ आणि ‘शेअर्ड’ असे दोन आलेख दिसतात. डेडिकेटेड काठोकाठ भरून शेअर्ड चढायला लागलं की कार्ड सांडायला लागलं असं समज.

पैसे देण्याआधी एक काम आजच करता येईल. तुझ्या प्रोजेक्टचा आतापर्यंतचा सगळ्यात जड सीन उघड, सायकल्सवर सीपीयूनेच एक फ्रेम रेंडर कर, आणि रेंडर विंडोच्या वरच्या पट्टीत ‘पीक’ म्हणून मेमरीचा जो आकडा येतो तो लिहून ठेव. कार्डावर जवळपास तेवढीच जागा लागते, त्यात विंडोजसाठी एक जीबी मिळव. बेरीज १० जीबीच्या आत असेल तर ३०६० १२ जीबी निश्चिंत मनाने घे. १० ते १२च्या मध्ये असेल तर आधी सीन हलका कर आणि मग तेच घे. १२च्या पलीकडे गेली आणि सीन कमी करणं शक्यच नसेल, तर मला आकडा कळव आणि एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटोही पाठव. मग १६ जीबीच्या दोनपैकी कुठल्या कार्डाकडे वळायचं ते त्या दिवशीचा भाव बघून ठरवू.